पहिली वाकळ शिवताय? नमुना निवडण्याआधी सांधे मोजा

मोबाईलवर चांदणीची किंवा शंकरपाळ्यांची गोधडी, म्हणजे आपली वाकळ, दिसते, तीच पहिली म्हणून शिवायला घेतली जाते, आणि महिनाभरात तुकड्यांची पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसते. शिवण येत नाही म्हणून हे होत नाही. ब्लाउज, परकर सफाईनं शिवणाऱ्या बायकाही इथंच अडतात. नमुना चित्र बघून निवडलेला असतो, आणि चित्रात रंग दिसतात, काम दिसत नाही.

काम असतं सांध्यांत. चार तुकड्यांचे कोपरे जिथं एका ठिपक्यावर आले पाहिजेत, तो एक सांधा. तो जरा सरकला तरी लांबून कळतं आणि उसवावं लागतं. म्हणून पहिल्या वाकळीसाठी रंग आवडला का, हा प्रश्न मागाहून. सांधे किती, हा आधी.

पायरी १ : माप आणि वापर ठरवा

पहिली वाकळ ३६ × ४२ इंचांची घ्या. एका माणसाच्या पलंगाची ६० × ९० ची वाकळ क्षेत्रफळानं याच्या साडेतीनपट होते, आणि कंटाळा नेमका त्या उरलेल्या अडीचपटीत येतो.

आपल्याकडे दुसरंही कारण आहे. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर जाड अंथरूण वाळवणं म्हणजे शिक्षा. शिवाय नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. भिजलेली वाकळ एकट्या माणसाला उचलून पिळता आली पाहिजे. या मापाची येते.

सावधान : वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत वाकळ पांघरू नका. बाळ जागं असताना, कुणी जवळ बसलेलं असताना, खाली अंथरायला चालेल. लहान मुलासाठी शिवत असाल तर मणी, टिकल्या, बटणं, लोंबणारी लेस काही लावू नका.

पायरी २ : सांधे मोजा आणि नमुना ठरवा

बाकीच्या बहुतेक पायऱ्या चुकल्या तर दुरुस्त होतात. ही चुकली की सगळं पुढचं काम जड जातं, म्हणून इथं वेळ काढा. ३६ × ४२ हेच माप धरून नेहमीचे नमुने मांडून बघू.

अख्ख्या साडीची वाकळ. वरचा थर एकसंध, तुकडेच नाहीत. सांधे शून्य. मशीन नसेल, नुसत्या सुईनं शिवणार असाल, तर हीच घ्या. सगळी मेहनत धावदोऱ्यात, म्हणजे सगळे थर जोडणाऱ्या साध्या सरळ टाक्यांत आहे, नमुन्यात चुकायला काही नाही.

उभ्या पट्ट्या. चार-चार इंचांच्या ९ पट्ट्या, ८ शिवणी, सांधे शून्य. सोपी वाटते, पण शिवण लांब असल्यानं कापड हळूहळू एका बाजूला ओढलं जातं आणि वाकळीला बाक येतो. त्यावर उपाय एकच. एक पट्टी वरून खाली शिवली तर पुढची खालून वर शिवायची.

विटांची बांधणी. भिंतीत विटा लावतात तशा आयताकृती तुकड्यांच्या ओळी, प्रत्येक दुसरी ओळ अर्ध्या विटेनं सरकलेली. ९ × ६ इंचांच्या विटा धरल्या तर २५ अख्ख्या आणि ६ अर्ध्या, असे ३१ तुकडे. सांधे शून्य, कारण वरच्या ओळीची शिवण खालच्या विटेच्या मध्यावर येते. ती दोन सूत (पाव इंच) सरकली तरी कुणाला कळत नाही.

चौकडा. सहा-सहा इंचांचे ४२ चौकोन. सांधे ३०. नवशिक्यांना सर्रास हाच सुचवला जातो, पण मी दुसऱ्या वाकळीसाठी राखून ठेवेन. चौकोन कापायला सोपा असतो. ते तीस कोपरे जुळवणं सोपं नसतं.

नऊ घरांचा चौकोन. प्रत्येक सहा इंची चौकोनात दोन-दोन इंचांची नऊ घरं. सगळी वाकळ अशी केली तर ३७८ तुकडे आणि ३४० सांधे. चित्रात हा नमुना आणि चौकडा सख्ख्या बहिणी दिसतात, कामात दहापटीहून जास्त फरक आहे. हौसच असेल तर एक नऊ घरांचा, एक साधा, असे आलटून पालटून लावा. सांधे ३४० वरून ११४ वर येतात, आणि दिसायलाही वाकळ जास्त मोकळी दिसते.

त्रिकोण. इथं अडचण वेगळीच आहे. चौकोन तिरका कापला की कापलेली कड उरेब होते, म्हणजे हातात धरताच ताणते. शिवेपर्यंत त्रिकोणाचा आकार बदललेला असतो. मापही फसवतं. चौकोनाला चारी बाजूंनी पाव-पाव इंच माया (शिवणीत जाणारं जादा कापड) म्हणून अर्धा इंच जास्त धरला की भागतं. त्रिकोणासाठी चौकोन सात सूत जास्त कापावा लागतो. हे न कळल्यामुळे कित्येकींचे त्रिकोण शिवल्यावर लहान पडतात आणि दोष मशीनला जातो.

चांदणी, शंकरपाळी, सहाकोनी फुलं आणि गोल पहिल्या वाकळीला नकोत.

वरच्या यादीत नसलेला नमुना आवडला असेल तर त्याला चार प्रश्न विचारा. तुकड्यांचे वेगळे आकार दोनपेक्षा जास्त आहेत का? कुठे तिरकी कड आहे का? सगळ्यात लहान तुकडा शिवल्यावर तीन इंचांपेक्षा कमी उरतो का? सांधे तीसच्या वर आहेत का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर चित्र जपून ठेवा आणि पुढं चला. सांधे मोजायचा हिशेब असा : सरळ रांगांत लावलेले तुकडे असतील तर आडव्या रांगेतल्या तुकड्यांतून एक वजा करा, उभ्या रांगेतल्यांतून एक वजा करा आणि गुणाकार करा. सहा गुणिले सातच्या चौकड्याला पाच गुणिले सहा, म्हणजे तीस.

ठरत नसेल तर विटांची बांधणी घ्या. पुढच्या पायऱ्या तीच धरून लिहिल्या आहेत.

पायरी ३ : कापड जमवा

सगळं कापड सुती आणि साधारण एकाच जाडीचं हवं. टेरीकॉट, जॉर्जेट, नायलॉन घसरतं, आणि इस्त्रीखाली सुती कापडासारखं दबत नाही. एक वीट पोपलीनची, शेजारची जुन्या मलमलची, असं झालं की पातळ कापडाला चुण्या पडतात.

नवं घेणार असाल तर ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडातून पाव-पाव मीटरचे ८ रंग पुरतात. पाव मीटरच्या तुकड्यातून साडेसहा इंचांची एक पट्टी निघते, आणि त्या पट्टीतून चार विटा. विटा २५ लागतात, ३२ निघतात. उरलेल्या सातांपैकी सहा कापून अर्ध्या विटा करायच्या. अस्तरासाठी दीड मीटर मांजरपाट घ्या. इचलकरंजी शेजारी असताना त्यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. महाद्वार रोडला किंवा लक्ष्मीपुरीत सुटं कापड मिळतं. गांधीनगरला जायचं तर मापाची चिठ्ठी खिशात ठेवूनच जा, नाहीतर तिथल्या घाऊक भावाला भुलून तीन वाकळींचं कापड घरी येतं. ओळखीच्या शिंप्याकडच्या कातरणीतही चांगलं सुती सापडतं, फक्त तुकडा किमान १० × ७ इंचांचा आहे का, ते पाहून घ्या.

जुन्या साड्या वापरणार असाल तर प्रत्येक साडी उजेडासमोर धरा. विरलेली जागा जाळीसारखी दिसते. मग दोन अंगठे शेजारी शेजारी ठेवून कापड बाजूंना ताणा. बारीक ‘चर्र’ ऐकू आलं तर ती साडी वरच्या थराला नको, आतल्या थराला घाला. निऱ्यांचा आणि बसायच्या जागेचा भाग आधी विरतो. खांद्याकडचा आणि आतल्या पहिल्या वेढ्याचा भाग बहुधा शाबूत असतो. जरीचे काठ बाजूला ठेवा. ते जाड असतात आणि मशीनची सुई तिथं अडखळते.

पायरी ४ : धुवा, रंग तपासा, इस्त्री करा

नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि प्रत्येक कापड वेगवेगळं आटतं. न धुता शिवलेली वाकळ पहिल्या धुण्यानंतर जागोजागी गोळा होते, त्यावर काही इलाज नाही. म्हणून कापायच्या आधी सगळं कापड, अस्तरसुद्धा, धुऊन घ्या.

लाल, मरून, गडद निळा आणि काळा रंग वेगळा तपासा. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करून त्यावर जोरात घासा. डाग पडला तर ते कापड वेगळं धुवा आणि पुन्हा घासून बघा. दोन-तीन धुण्यांनंतरही डाग पडत असेल तर ते या वाकळीत नको. मीठ किंवा तुरटीच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो, यावर विसंबू नका. बाजारात येतानाच कापड रंगवून आलेलं असतं. त्या रंगावर घरच्या मिठाचा भरवसा नाही.

किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. कापड सरळ पसरतं.

तपासा : धुतल्यावर पन्हा मोजा. ४२ इंच उरला तरी चार विटा निघतात. ३९ च्या खाली गेला असेल तर त्या रंगातून तीनच विटा धरा आणि रंग वाढवा.

पायरी ५ : मायेची चाचणी

ही पायरी जवळपास सगळे टाळतात. टाळू नका, पंधरा मिनिटांचं काम आहे.

वाकळीत माया पाव इंच, म्हणजे दोन सूत. ब्लाउजला अर्धा-पाऊण इंच माया ठेवायची सवय असलेल्या हाताला ही फार कमी वाटते आणि नकळत जास्त घेतली जाते. प्रत्येक शिवणीत अर्धं सूत जास्त गेलं तर दोन्ही तुकड्यांचं मिळून एक सूत जातं. विटांच्या ओळीत तीन-चार शिवणी, म्हणजे फार तर अर्धा इंच कमी. पण नऊ घरांच्या वाकळीत आडव्या रांगेत १७ शिवणी असतात. तिथं तीच चूक दोन इंचांच्या वर जाते. विटा निवडण्याचं हेही एक कारण.

अडीच इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मोजा. एकूण रुंदी साडेसहा इंच आणि मधली पट्टी बरोबर दोन इंच यायला हवी. कमी भरली तर माया जास्त जातेय. जास्त भरली तर कमी. सुईपासून पाव इंच मोजून मशीनच्या पाट्यावर जाड चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला टेकवून शिवा. मशीनच्या फूटच्या (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पट्टीच्या) कडेवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक मशीनचा फूट वेगळा असतो.

माप जमेपर्यंत पुढं जाऊ नका.

पायरी ६ : कापणी

अख्खी वीट साडेनऊ × साडेसहा इंच. अर्धी वीट पाच × साडेसहा इंच. अख्ख्या २५, अर्ध्या ६.

अर्धी वीट म्हणजे साडेनऊची निम्मी, पावणेपाच, असा हिशेब करू नका. ही चूक हमखास होते. शिवल्यावर वीट नऊची उरते, तिची निम्मी साडेचार, वर दोन्ही बाजूंची माया अर्धा इंच, म्हणून पाच.

पुठ्ठ्याचे दोन साचे करा आणि खडूनं त्याभोवती रेघ मारा. एकदा कापलेल्या तुकड्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, असं करत गेलात तर दहाव्या विटेपर्यंत माप वाढलेलं असतं. दर वेळी साचाच. कापडाची किनार, म्हणजे कडेची घट्ट विणलेली पट्टी, तुकड्यात येऊ देऊ नका, ती वेगळी आटते. वीट कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला सरळ धरून कापा. कापड वाचवायला तिरकी लावली की उरेब कड आलीच.

पायरी ७ : मांडणी

फरशीवर जुनी चादर पसरा आणि त्यावर सात ओळी मांडा. पहिली, तिसरी, पाचवी, सातवी ओळ चार अख्ख्या विटांची. दुसरी, चौथी, सहावी ओळ एक अर्धी, तीन अख्ख्या, एक अर्धी. अर्ध्या विटा दोन टोकांना. दोन्ही एकाच टोकाला लावल्या तर वरखालच्या शिवणी एका रेषेत येतात आणि बांधणीच उरत नाही.

एकाच रंगाच्या दोन विटा एकमेकींना टेकू देऊ नका. मग मोबाईलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. गडद विटा एका कोपऱ्यात गोळा झाल्या असतील तर रंगीत फोटोत कळत नाही, इथं लगेच कळतं. फुलापानांचा, वर-खाली असलेला छाप असेल तर सगळ्या विटा एका दिशेला आहेत का, तेही बघून घ्या.

मांडणी पटली की प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाच्या विटेवर आकडा लिहिलेली चिठ्ठी टाचा. ओळीतल्या विटा डावीकडून उजवीकडे एकावर एक रचून ठेवा. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर हे त्याच दिवशी उरका.

पायरी ८ : ओळी जोडणे

आधी सातही ओळी स्वतंत्र शिवून घ्या. प्रत्येक शिवणीवर इस्त्री फिरवा, पण घासू नका; उचलून दाबा. घासली की कापड ताणतं.

तपासा : प्रत्येक ओळ साडेछत्तीस इंच भरली पाहिजे. चारच्या ओळी आणि अर्ध्या विटांच्या ओळी दोन्ही. पाव इंचापर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर ओढाताण न करता ती ओळ उसवा.

मग ओळीला ओळ. आधी मध्यावर टाचणी, मग दोन टोकांना, मग अधल्यामधल्या जागी. एका टोकापासून टाचत गेलात तर दुसऱ्या टोकाला कापड उरतं. एक ओळ थोडी लांब असेल तर ती खाली ठेवा. मशीनचे दात खालचं कापड जास्त ओढतात, त्यामुळे जादा भाग त्यातच मुरतो. लांब ओळ वर ठेवली तर नेमकं उलट होऊन शेवटी चुणी येते.

शेवटी माप ३६.५ × ४२.५ इंच यायला हवं.

पायरी ९ : थर लावणे आणि धावदोरा

अस्तर उलटं करून फरशीवर पसरा, चारही कडा चिकटपट्टीनं ताणून लावा. त्यावर जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे दोन थर, त्यावर विटांचा थर, सुलटा. अस्तर वरच्या थरापेक्षा चारी बाजूंनी दोन-अडीच इंच बाहेर राहू द्या. आत जुनं ब्लँकेट घालायचा मोह टाळा. हातातली सुई त्यातून जात नाही, आणि वाळायला दोन दिवस लागतात.

मध्यापासून बाहेर, मूठ-मूठ अंतरावर कच्चे टाके घाला. आपल्याकडच्या जुन्या बायका काठापासून सुरुवात करून चौकोनात फिरत आत येतात. त्यांच्या हाताला थर किती सैल सोडायचा हे माहीत असतं. नवशिक्या हातानं तसं केलं की सगळं सुटं कापड मध्यभागी येऊन फुगतं. पहिल्या वाकळीला मध्यापासूनच सुरुवात करा.

धावदोऱ्याच्या रेघा विटांच्या ओळींना समांतर, दोन-दोन इंचांवर. एकूण २१ रेघा होतात, प्रत्येकी एक वार. म्हणजे २१ वार हातशिवण, रोज एक-दोन रेघा जमल्या तरी पुरे. सुई आखूड घ्या, दोरा सुती आणि हातभरच. लांब दोरा गुंततो आणि कापडातून पुन्हापुन्हा ओढला गेल्यानं विरतो. टाका बारीक नसला तरी चालेल, सारखा हवा. अधूनमधून वाकळ उलटी करून बघा, अस्तराच्या बाजूला टाके दिसत नसतील तर सुई सगळे थर भेदत नाहीये.

सावधान : सुरुवातीला टाचण्या मोजा, शेवटी मोजून परत ठेवा. एक कमी भरली तर सापडेपर्यंत वाकळ कुणाला देऊ नका.

पायरी १० : काठ

वेगळी पट्टी लावायची गरज नाही. आतले थर वरच्या थराच्या कडेला बरोबर छाटा. अस्तर मात्र चारी बाजूंनी एक इंच बाहेर ठेवून छाटा. ते अर्ध्यावर दुमडा, पुन्हा वरच्या थरावर दुमडा, टाचा आणि तुरपाई करा. आधी दोन लांब बाजू, मग दोन आखूड. कोपऱ्यात कापडाचा गठ्ठा होत असेल तर आतला जादा भाग थोडा कापून टाका, पण कडेच्या अगदी जवळ कापू नका.

कच्चे टाके काठ पूर्ण झाल्यावरच काढा. पहिलं धुणं गार पाण्यात, वेगळं, साध्या साबणानं. एका दोरीवर टांगली तर पाण्याच्या वजनानं ती मधोमध ओघळते. दोन दोऱ्यांवर आडवी पसरा, अस्तराची बाजू उन्हाकडे.